नन्नाचा पाढा एकोणिसापर्यंत आलाय

सिडकोतली_बीकॉम | २६ फेब्रुवारी २०२४, रात्री १०:४०

आज एकोणिसावा नकार आला. आला म्हणजे काय, मीच फोन करून काढून घेतला. मागच्या सोमवारी इंटरव्ह्यू झाला तेव्हा "दोन दिवसांत कळवतो" म्हणाले होते. आमच्या घरी कांदेपोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेलेली मंडळी परत कधी फिरकली नाहीत, त्यामुळे या शब्दाचा अर्थ मला २००७पासून पाठ आहे. तरी केला फोन. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती पोस्ट भरली." कधी भरली, तर सोळा तारखेला. माझा इंटरव्ह्यू एकोणीसला. म्हणजे पोस्ट भरल्यावर तीन दिवसांनी मला इस्त्रीची साडी नेसवून अंबड एमआयडीसीत बोलावलं आणि पाऊण तास बसवून ठेवलं.

माझी माहिती देते. वय ४१, नाशिक, सिडको. बीकॉम २००४. पहिली तीन वर्षं शरणपूर रोडला एका सीए ऑफिसात, मग सात वर्षं सातपूर एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंट. २०१४ला सासूबाईंना अर्धांगवायू झाला, मुलगी चार वर्षांची होती, काम सोडलं. सासूबाई २०२३च्या जानेवारीत गेल्या. मधली नऊ वर्षं माझ्या बायोडाटात कोरी आहेत.

मी सोडलं तेव्हा जुने कर होते: व्हॅट होता, सीएसटी होता, एक्साइज होतं. पार्टीच्या मागे लागून सी फॉर्म (परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लागावा म्हणून खरेदीदाराने द्यायचा कागद) वसूल करणं ही माझी खासियत, ७०४च्या, म्हणजे व्हॅट ऑडिटच्या वेळी तर साहेब मलाच पुढे करायचे. १ जुलै २०१७ला त्या सगळ्यांच्या जागी जीएसटी आला. त्या मध्यरात्री टीव्हीवर संसदेतला सोहळा चालू होता आणि मी सासूबाईंची कूस बदलत होते. नवरा म्हणाला, "तुझं सगळं शिकलेलं गेलं की रद्दीत." चेष्टेत म्हणाला होता.

मागच्या मार्चपासून तीन महिने जीएसटी आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लासमधली टॅली विनापरवाना, एज्युकेशनल मोडवर चालते. त्यात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि एकतीस तारखेचीच एन्ट्री मारता येते. तीन महिने मी अशा जगात खरेदी-विक्री केली जिथे तीन तारीख उजाडतच नाही.

आणि मग सप्टेंबरमध्ये एका कंपनीत खरी टेस्ट घेतली. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, करून दाखवा म्हणाले. ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या सगळ्यांना ते लागू झालेलं, त्यांची घाई मला समजते. पण आमच्या क्लासात ते फळ्यावर शिकवलेलं. त्या बिलाला पोर्टलवरून मिळणारा नंबर, आयआरएन, म्हणजे काय ते मी सांगितलं, काढता आला नाही. तो एकच नकार मला रास्त वाटतो.

बाकीच्यांचा हिशोब माझ्याकडे आहे. दोनशे पानी वहीत रकाने आखलेत: तारीख, कोणी बोलावलं, काय विचारलं, काय झालं, बस-रिक्षाचा खर्च. एकोणीसपैकी अकरा जणांनी कळवलंच नाही किंवा पोस्ट भरली म्हणाले. चौघांनी गॅप सांगितला. दोघांकडे पगारावर फिसकटलं. एक टेस्टमध्ये गेला. आणि एकांना "जेन्ट्स हवा होता, बँकेत जावं लागतं". मी सात वर्षं रोज बँकेत जात होते हो, लेडीज असूनही. खर्च २,३४० रुपये. हा खर्च कुठल्या हेडला टाकायचा ते अजून ठरत नाहीये.

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "अजून फिरतेयस का गं?" आता मी खाली कोणी नाही ना बघून उतरते.

तर विचारायचं हे की गॅपचं कारण खरं सांगावं का? "आजारी माणसाचं करत होते" म्हटलं की समोरच्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होतो आणि मुलाखत तिथेच संपते. मैत्रीण म्हणते, मध्ये घरून कामं करत होते असं ठोकून दे. आणि दुसरं, तुमच्यापैकी कोणी एवढे नकार घेतले असतील तर विसाव्याला कसे गेलात? मला विसाव्याचा फोन आलाय, गुरुवारी बोलावलंय, आणि साडी काढायचीसुद्धा इच्छा नाही.

अंबड_प्रेसशॉप | २६ फेब्रुवारी, रात्री ११:२५

ताई, मी नकार देणाऱ्यांपैकी. अंबडला छोटं प्रेसशॉप आहे, पत्रा दाबून भाग काढायचं, अठरा माणसं. तुम्ही आला होतात ते आमच्याकडे नव्हे, आधीच सांगतो.

तुम्हाला गॅप सांगणाऱ्या चौघांपैकी निदान दोघांचं कारण वेगळं असणार. मी स्वतः मागच्या वर्षी एका बाईंना गॅप सांगितला. त्यांनी २२ हजार मागितले होते आणि माझी उडी सोळाच्या पुढे जात नव्हती. पैसे नाहीत म्हणायला मालकाला लाज वाटते, गॅप आहे म्हणायला वाटत नाही. पोस्ट भरूनही बोलावतात त्याचं कारण याहून फालतू असतं. कोणाचा तरी भाचा आधीच ठरलेला असतो, पण पार्टनरला दाखवायला चार बायोडाटा लागतात.

आता आमची भीती सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचा मुलगा गावाला गेला आणि जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र) भरायचा राहिला. त्याची शेवटची अकरा तारीख गेली. मोठ्या गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्यात, माझी बिलं दिसेनात. २बीमध्ये नाही तर त्यांना त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट नाही, त्यामुळे त्यांनी जीएसटीची रक्कम पेमेंटमधून अडवून ठेवली. अडीच लाख, दीड महिना. त्या महिन्याचे पगार मी उसने आणून केले. तेव्हापासून इंटरव्ह्यूत माझं एकाच गोष्टीकडे लक्ष असतं: अकरा आणि वीस तारखेला, रिटर्न भरायच्या दिवशी, हे माणूस खुर्चीत असेल का? मुलीच्या परीक्षेचा प्रश्न तुम्हालाही विचारला असेलच. तो तिथून येतो. विचारायची पद्धत गाढवपणाची, मान्य. म्हणून त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच बोलून टाका की अकरा आणि वीसला मी सुट्टी घेत नाही. निम्मा इंटरव्ह्यू तिथे संपतो.

खोटं ठोकू नका. घरून कामं करत होते म्हणालात की पुढचा प्रश्न "कोणाची?" आणि नाशिक केवढंसं आहे.

एक विचारतो, जॉबवर्कची चलनं येतात का तुम्हाला? प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल जातो-येतो ते?

सिडकोतली_बीकॉम | २६ फेब्रुवारी, रात्री ११:४०

सात वर्षं तेच केलंय दादा. पण तेव्हा आम्ही त्याला ५७एफ४ म्हणायचो. आता काय म्हणतात ते क्लासात एका ओळीत सांगितलं.

अंबड_प्रेसशॉप | २६ फेब्रुवारी, रात्री ११:५२

आम्ही अजूनही ५७एफ४च म्हणतो! एक्साइजचा तो नियम कधीचा गेला, आमच्या गेटवरचा वॉचमन आजही तेच नाव लिहितो. आता जीएसटीत कलम १४३, माल वर्षाच्या आत परत यायला हवा, आणि त्याचा आयटीसी-०४ फॉर्म भरायचा. पण मूळ काम तेच, किती पीस गेले, किती आले, स्क्रॅप किती. माझ्याकडे आलेल्या नव्या पोरांना पोर्टल झकास येतं, पण शंभर पीस गेले आणि सत्याण्णव आले तर उरलेले तीन कुठे, हे विचारायचं सुचत नाही. तुम्हाला सुचेल. यजमान म्हणतात तेवढं काही रद्दीत गेलेलं नाही.

स्पष्टच_बोलतो | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

कडू बोलतो, राग नसावा. ४१व्या वर्षी १५-१८ हजारांसाठी लोकांच्या दारात उभं राहायचंच कशाला? एकोणीस जण नाही म्हणतायत म्हणजे बाजार काहीतरी सांगतोय. घरी बसून दुकानदारांची रिटर्न भरा. पाचशे रुपये महिना धरा, तीस दुकानं धरा, झाले पंधरा हजार. ना बॉस, ना साडी, ना रिक्षा.

सिडकोतली_बीकॉम | २७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

राग नाही. गणित बरोबर आहे, पण दुकानदार तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत. पाचशे रुपये देणारा माणूस एकोणीस तारखेच्या रात्री अकरा वाजता कॅरीबॅगेतून बिलं आणून देतो, निम्मी भिजलेली, आणि वीसला लेट फी लागली की "तुमच्यामुळे लागली" म्हणतो. सीए ऑफिसात तीन वर्षं त्या कॅरीबॅगा मीच उपसल्यात. अशी तीस दुकानं म्हणजे तीस मालक झाले, तुम्ही तर बॉस नको म्हणताय.

आणि खरं सांगू का, नऊ वर्षं मी घरातच होते. औषधांच्या वेळा, डायपर, मुलीचा डबा, फिजिओ. त्याचं दुःख नाही, सासूबाई शेवटपर्यंत मला नावाने ओळखायच्या. पण आता मला सकाळी माझा डबा घेऊन बाहेर पडायचंय. कोणीतरी "मॅडम, हे व्हाउचर बघा" म्हणायला हवंय. पगार सातला होवो नाहीतर दहाला, माझ्या खात्यात व्हायला हवाय. आणि २५ हजारांपर्यंत बायकांना प्रोफेशन टॅक्स माफ झालाय एप्रिल २०२३पासून, तेवढी सवलत तरी सरकारने माझ्यासाठी राखून ठेवलीय, ती वापरायला नको?

ट्रायल_बॅलन्स | २७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

ताई, ठाण्याहून लिहितेय. माझा गॅप सहा वर्षांचा, नकार सत्तावीस. तुमच्यासारखी वही नव्हती, मी कॅलेंडरवर फुल्या मारायचे. मुलगा म्हणायचा, आई, घरात गॅसच्या तारखेलापण फुली आणि याला पण फुली, कसं कळतं तुला?

गॅपचं सांगते. माझ्या बाराव्या की तेराव्या इंटरव्ह्यूत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विचारलं, सहा वर्षं काय केलं? मी सुरू झाले. मुलगा सातव्या महिन्यात झाला, मग पाळणाघर मिळेना, मग सासरे... त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, "तू माझी माफी का मागतेयस?" नोकरी नाही दिली त्यांनी. पण त्या दिवसापासून मी एकच वाक्य ठेवलं: "सहा वर्षं घरची जबाबदारी होती, ती आता संपली आहे." पुढे गप्प. पहिल्यांदा ती शांतता जड जाते, हात कुठे ठेवावे कळत नाही. पण मग समोरचाच पुढचा प्रश्न काढतो, आणि तो बहुतेक वेळा कामाचा असतो.

मला शेवटी लागलं ते सीए ऑफिसात, तेही सीझनपुरतं. जून ते ऑक्टोबर, अकरा हजारांवर. जुलैअखेर रिटर्न, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, तोवर त्यांना कोणीही चालतं, फक्त हात हवे असतात. नोव्हेंबरमध्ये सुटले तेव्हा बायोडाटात वरची ओळ चालू वर्षाची होती. पुढच्या तीन इंटरव्ह्यूत गॅप कोणी विचारलाच नाही. पैसे कमी, उशिरापर्यंत थांबायला लागतं, वडापाव खाऊन पित्त झालं, हे सगळं खरं. तुम्ही सीए ऑफिसं का सोडली शोधताना?

विसाव्याला कशी गेले ते विचाराल तर, आठवत नाही. सव्विसाव्याला मात्र अजिबात गेले नव्हते. ठाणे स्टेशनवरून परत फिरले, तलावपाळीवर भेळ खाल्ली आणि घरी येऊन "झाला इंटरव्ह्यू" म्हणून सांगितलं. सत्तावीस आकड्यात तोही धरलाय.

सिडकोतली_बीकॉम | २७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

तलावपाळीची भेळ वाचून हसले, मग रडले, मग कुकर लावला.

सीए ऑफिसं सोडली कारण वाटलं, दहा वर्षांचा अनुभव असून परत आर्टिकलच्या, सीए शिकणाऱ्या पोरांच्या शेजारी बसायचं? गर्व म्हणा.

खतावणी_काका | २७ फेब्रुवारी, रात्री १०:००

मुली, मी निवृत्त विक्रीकर सल्लागार, वय ६९. तू २००४ ते २००७ ज्या साहेबांकडे होतीस, त्यांना फोन केलास का?

सिडकोतली_बीकॉम | २७ फेब्रुवारी, रात्री १०:०८

नाही काका. सतरा वर्षं झाली. आणि त्यांच्याकडून सोडताना त्यांनी "जाऊ नको" म्हटलं होतं, मी दीड हजार जास्त मिळतात म्हणून गेले. कोणत्या तोंडाने करू?

खतावणी_काका | २७ फेब्रुवारी, रात्री १०:३१

ज्या तोंडाने एकोणीस अनोळखी लोकांशी बोललीस त्याच. दीड हजार त्यांच्या लक्षात असतील असं वाटतं तुला? आमच्या ऑफिसात तीस वर्षांत साठेक मुलं-मुली येऊन गेली. कोण किती जास्तीसाठी गेलं हे मला एकाचंही आठवत नाही, पण सी फॉर्मची फाइल कोण नीट लावायचं ते आठवतं. आणि त्या फायली मेलेल्या नाहीत बरं. व्हॅटच्या जुन्या असेसमेंटा, अपिलं अजून चालू आहेत. २०१७च्या आधीच्या थकबाकीसाठी सरकारने गेल्याच वर्षी अभय योजना आणली, तेव्हा जुनी विवरणपत्रं वाचता येणारी माणसं शोधावी लागली. फोन कर. दुपारी साडेतीन-चारला कर, जेवून माणूस बऱ्या मूडमध्ये असतो.

अंबड_प्रेसशॉप | २८ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

आणखी एक, गुरुवारी जाणार असाल तर. मार्च तोंडावर आहे आणि आमच्या एरियात सध्या सगळ्यांची झोप आयकराच्या ४३बी(एच) कलमाने उडवलीय. मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, दिले नाहीत आणि ३१ मार्चला देणं बाकी राहिलं, की तो खर्च यंदा धरत नाहीत. ज्या वर्षी देऊ त्या वर्षी धरतात. म्हणजे न झालेल्या नफ्यावर टॅक्स. हे पहिलंच वर्ष. आपण ज्यांचं देणं लागतो त्या क्रेडिटरांपैकी उद्यम नोंदणीवाले (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कोण आणि त्यातले मायक्रो-स्मॉल कोण, ही यादी दहातल्या आठ कारखान्यांत नाही. माझ्याकडेही नाही. तुम्हीच विचारा, "सर, ती यादी झालीय का?" बघा काय होतं.

सिडकोतली_बीकॉम | १४ मार्च २०२४, रात्री ९:५०

खबर देते. गुरुवारी गेले. विसावा नकार. यादीचा प्रश्न विचारला तर समोरचे म्हणाले, "ते आमचे सीए बघतात," आणि घड्याळ बघितलं. प्रेसशॉप दादा, तुमचा बाण वाया गेला.

काका, तुमचं ऐकून २ मार्चला साडेतीन वाजता साहेबांना फोन केला. नाव सांगितलं. जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "रविवारी डबल एन्ट्री मारलेली तीच ना तू?" २००६ला मी एक सबंध दिवसाची विक्री दोनदा टाकली होती आणि रविवारी येऊन काढत बसले होते. फाइल वगैरे काही आठवत नव्हतं त्यांना, हीच चूक आठवत होती. जागा आहे का विचारलं तर नाही म्हणाले, मुलगा ऑफिस बघतो, त्याची माणसं आहेत. एकविसावा. फोन ठेवताना म्हणाले, "एक क्लायंट आहे सातपूरला, विचारून बघतो." वहीत मी "कळवतो" असंच लिहिलं.

आज त्या क्लायंटचा फोन आला. उद्या बोलावलंय. साडी नाही, पंजाबी ड्रेस घालणार आहे.

ट्रायल_बॅलन्स | १४ मार्च, रात्री १०:१५

एकच वाक्य. मग गप्प. हात पर्सवर ठेवा.

सिडकोतली_बीकॉम | १२ एप्रिल २०२४, सायंकाळी ७:३०

उशीर झाला लिहायला, सांगते का ते.

पंधरा मार्चला गेले. मशीनिंगचा कारखाना, तीस-पस्तीस माणसं. मालक स्वतःच होते. नऊ वर्षं काय केलं? मी एक वाक्य बोलले आणि गप्प बसले. बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला. मग म्हणाले, "बरं." अकरा आणि वीस तारखेचं मी आधीच सांगून टाकलं. मग यादीचं विचारलं. त्यांनी दार उघडून पुतण्याला हाक मारली, "उद्यमची यादी केली का रे?" पुतण्या म्हणाला, "कसली?"

मला म्हणाले, तुम्हीच करा, मार्चएंडपर्यंत या, रोजावर. सहाशे रुपये रोज. वहीत याला काय म्हणायचं कळेना, होकार की नकार, म्हणून रकाना कोरा ठेवला. १४२ क्रेडिटर निघाले. प्रत्येकाला फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागवणं म्हणजे थेट सी फॉर्म वसुलीच हो! तीच गोड बोलणी, तेच "उद्या पाठवतो", तेच तिसऱ्या दिवशी परत फोन. ६१ जणांची सर्टिफिकेटं आली, त्यातले ५३ मायक्रो-स्मॉल. २८ तारखेपर्यंत कोणाला किती द्यायचे याची वर्गवारी करून टेबलावर ठेवली. ई-इन्व्हॉइस पुतण्याने शिकवला, दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटांच्या कामासाठी मी सप्टेंबरमध्ये रात्रभर जागले होते.

एकतीसनंतर हिशोब करून पैसे हातात दिले आणि मालक म्हणाले, "पुढचं कळवतो." पाडव्यापर्यंत फोन नाही. गुढी उभारताना नवरा काही बोलला नाही, मीही नाही. वहीत बावीस लिहून ठेवलं होतं, पेन्सिलने.

काल फोन आला. सतरा हजार, तीन महिने बघू मग कायम करू, पीएफ पहिल्या महिन्यापासून. सोमवारी साडेनऊला यायचंय.

स्पष्टच बोलणारे दादा, तुमच्या पंधरापेक्षा दोन हजार जास्त. प्रेसशॉप दादा, तुमची यादी अजून झाली नसेल तर एखाद्या रविवारी येते, ५७एफ४ची चलनंही बघायची आहेत, त्या तीन पीसांचा विचार डोक्यातून जात नाहीये. काका, साहेबांना पेढे द्यायला जाऊन आले. डबल एन्ट्री परत काढली त्यांनी.

जिन्यात काकू भेटल्या. "अजून फिरतेयस का गं?" मी म्हटलं, सोमवारपासून रोज फिरणार आहे, सिटीलिंकचा पास काढला.

टॅली परवान्याची आहे. सोमवारी पंधरा तारीख.